पौषात सुरू झालेले पंखे

सोलापूर शहरातले तमाम आजी-माजी भाडेकरू, छताला टांगलेले समस्त पंखे आणि ट्यूबलाइटमागे वास्तव्य करणाऱ्या पाली यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की या शहरात उन्हाळा केव्हा सुरू झाला हे ठरवण्याचा अधिकार एकेकाळी एकाच माणसाकडे होता. तो पंचांगाकडे नव्हता, हवामान खात्याकडे नव्हता, आणि पदरानं वारा घेत बसलेल्या माझ्याकडे तर नव्हताच नव्हता. तो आमच्या घरमालकांकडे होता. हरकती ऐकून घेण्याची पद्धत नव्हती.

सोलापुरात रिक्षावालाही गिऱ्हाइकाला मालक म्हणतो, त्यामुळे आम्ही सगळी बिऱ्हाडं त्यांना मालक म्हणायचो यात विशेष काही नाही. विशेष होती ती किल्ली. पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे आणि कमरेच्या करदोट्याला एक पितळी किल्ली. ही किल्ली तिजोरीची असावी असा नव्या भाडेकरूचा समज व्हायचा. माझाही झाला होता. ती पंख्यांची होती.

घर बांधताना मालकांनी पंख्यांची लाइन वेगळी काढून घेतली होती. पाचही बिऱ्हाडांचे दिवे आपापल्या बटणावर, पण पंख्यांचं मेन मालकांच्या खोलीत, लाकडी पेटीत, कुलपात. अंगणाच्या मधोमध एक कडुलिंब. आणि कायदा असा: हुरडा बाजारात आला की पंखे बंद, बंब सुरू. लिंब फुलला की बंब बंद, पंखे सुरू. ज्या दिवशी फुलला त्या दिवशी मालक मेनच्या पेटीपुढे नारळ फोडायचे, पेटीला लिंबाचा फुलोरा बांधायचे, आणि मग पाच खोल्यांतून एकदम घरघर सुरू व्हायची. त्याच दिवशी सगळ्या बिऱ्हाडांच्या रजया आणि घोंगड्या मोठ्या काहिलीत भिजायच्या आणि गच्चीवर वाळत पडायच्या. आमच्या घरात होळीपेक्षा मोठा सण तो.

यामागं कारण होतं. त्यांच्या वडिलांचं घोंगड्यांचं दुकान होतं, पुढे ते मालकांनी चालवलं. लिंब फुलला की घोंगड्या आत आणि सतरंज्या बाहेर, हा दुकानाचा नियम. दुकान गेलं, नियम राहिला, आणि तो आमच्या डोक्यावर टांगला गेला.

ज्यांनी सोलापूरचा उन्हाळा काढलेला नाही त्यांना यातला क्रूरपणा कळायचा नाही. महाशिवरात्र उलटली की आमच्या भिंती तव्यासारख्या तापायच्या. मी शाळेतून यायची ती थेट अंगणात, लिंबाखाली.

"मालक, जीव चाललाय हो."

"लिंबाला विचारा की, बाई."

"लिंब बोलतो का?"

"बोलतो. तुमी शाळेत बोलून बोलून ऐकायचं इसरलाय."

शेवटी मी एक टेबलफॅन आणला. पिशवीत, वर मेथीच्या जुड्या ठेवून. दुसऱ्या दिवशी मालक दारात. "बाई, आतनं घर्रघर्र येतंय."

नाटकात काम केलेली बाई अशा वेळी अडखळत नाही. मी म्हणाले, "शिलाई मशीन घेतलंय, मालक."

"लई झ्याक केलं," म्हणाले, आणि तासाभरात त्यांच्या घरातले उशांचे अभ्रे माझ्या दारात आले. मग पिशव्या. मग अव्वांचे परकर. अव्वा म्हणजे मालकीणबाई. त्या तेवढ्या कन्नडमधून "साकु, साकु" म्हणजे पुरे पुरे म्हणत होत्या, पण मालक थांबेनात. तो उन्हाळा मी टेबलफॅनसमोर बसून हातशिलाईत काढला. बोटांना भोकं पडली. आणि लिंब फुलल्यावर मालक पेटीला तोरण बांधता बांधता माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता मशीन इका बाई. त्याला वारा लई येतो."

असा माणूस.

पाखरांशी आणि किड्यामुंग्यांशी त्यांचं नातं घरमालकाचंच होतं. थंडीत पाली दिसेनाशा व्हायच्या, आणि फुलोऱ्यानंतर पहिली पाल भिंतीवर आली की तिला "या, झाली का झोप," म्हणून आत घ्यायचे. मुंग्यांच्या वारुळावर पाय पडला की हात जोडायचे. राग फक्त कोकिळावर. "ह्याच्यासारखा भाडेकरू नको," म्हणायचे. "घर कावळ्यानं बांधायचं, अंडी ह्याच्या बायकोनं घालायची, आणि हा फांदीवर बसून गानं म्हननार. पर एक गुण हाय. कावळ्याचं घर तयार असल्याबिगर त्वांड उघडत न्हाय." चैत्रात लिंबावर कोकीळ ओरडला की मालक खालून त्याला शिव्या देत, आणि त्या शिव्यांत इतकी माया असे की अव्वा हसून आत जात.

आता मी जुळे सोलापूर या नव्या वस्तीत, फ्लॅटमध्ये राहते. पंखा माझा, बटण माझं, आणि ते दाबताना कुणी नारळ फोडत नाही. तरी अजून थंडीच्या दिवसांत कुठून गोडसर वास आला की माझं पाऊल अडतं. मी आधी कान देते, मग वर बघते. ही सवय मला त्या एका पौषानं लावली.

त्या साली थंडी आलीच नव्हती. दिवाळीला काढलेली रजई पायाशीच पडून असायची. हुरडा मात्र आपल्या वेळेला आला, म्हणून पंखे बंद झाले आणि बंब पेटला. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली, आणि आम्ही सगळी बिऱ्हाडं घाम पुसत कढत पाण्यानं आंघोळ करतोय.

एका सकाळी मी पाणी काढायला अंगणात आले तर मालक लांब आकडी घेऊन लिंबाच्या फांद्यांशी झोंबत होते. खाली परडी. मला बघून परडीवर टोपी टाकली. टोपीशिवाय मालक मी पहिल्यांदा पाहिले.

"काय करताय, मालक?"

"कीड पडलीया."

पण अंगणात वास होता. मधासारखा, थोडा कडवट. तो वास मला चैत्रात डोळे बांधूनही ओळखता आला असता. मी टोपी उचलली. परडी पांढऱ्या फुलांनी भरलेली होती.

मला हसू फुटलं. सांगून टाकते, मला आनंदच झाला. पौषात पंखे! मी तिथल्या तिथं "नारळ आणू का?" म्हणून विचारलं. मालक हसले नाहीत. माझ्या हातातून टोपी घेतली, घातली, आणि हळू म्हणाले, "बाई, कुनाला सांगू नका. आजारी माणसाचं गावभर सांगत्यात का?"

मी मोबाइल काढला तर तोही खाली करायला लावला. "फोटो न्हाय. झाड अंथरुणात हाय समजा."

त्यानंतर काही दिवस ते सकाळी उठून फुलं तोडत होते. खालच्या फांद्या संपल्या, वरच्या हाताला येईनात. मधमाश्या आल्या. घर घमघमायला लागलं. खालच्या बिऱ्हाडातले, टॉवेलच्या कारखान्यात जाणारे काका वर बघून म्हणाले, "मालक, लिंब फुलला की. करंट सोडा." गल्लीतले बाकीचे लिंब गप्प होते, फक्त आमचाच पेटला होता. भिंतीवर पाली फिरायला लागल्या. मालक त्यांना "या" म्हणत नव्हते, "तुमी कशा काय?" विचारत होते. आणि मग एका पहाटे ते माझ्या दारात उभे.

"बाई, कोकीळ ओरडला. ऐकलं का?"

मी बंबापाशी होते, लाकडं तडतडत होती. मला काही ऐकू आलं नव्हतं. पण त्यांचा चेहरा बघून मी म्हणाले, "हो, ऐकलं की."

"कुठल्या अंगाला?"

मी हात केला. चुकीचा केला असणार, कारण ते माझ्या हाताकडे बघत राहिले. "तुमी बी मला समजवायला लागलात व्हय," म्हणाले आणि गेले.

अव्वांना विचारलं तेव्हा सगळं कळलं. मालकांचे थोरले बंधू शेवटच्या वर्षांत महिने विसरले होते. ऐन थंडीत छत्री उघडून अंगणात यायचे आणि पेरणी झाली का विचारायचे. मालकांनीच त्यांना सांभाळलं, भरवलं, धुतलं. "त्यांची सुरुवात अशीच होती, बाई," अव्वा म्हणाल्या. "आदी त्यांना बी पाखरंच ऐकू आली. दुसऱ्या कुनाला न्हाय." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "हे रोज मला विचारत्यात, कोकीळ आला न्हवं? मी म्हातारी, मला कुटं धड ऐकू येतंय."

मग माझं हसू गेलं. मीही पहाटे बंब न पेटवता अंगणात उभी राहायला लागले. चिमण्या, साळुंक्या, एक कावळा. त्या कावळ्यानं अजून काडी आणली नव्हती. कोकीळ काही ओरडेना. मालक खिडकीतून माझ्याकडे बघत असायचे आणि मी मान हलवली की पडदा ओढून घ्यायचे.

अशा माणसानं काय करावं? झाडानं सांगितलं ते ऐकावं, की पंचांगात लिहिलेलं? मालकांनी झाडाचं ऐकलं. मला वाटतं, लिंब चुकलाय असं म्हणणं म्हणजे वडील चुकले म्हणण्यासारखं होतं. एका सकाळी त्यांनी पेटीपुढे नारळ फोडला. पहिल्या फटक्यात फुटला नाही. तोरण बांधलं, किल्ली फिरवली, आणि पौषात आमच्या घरातले पाचही पंखे फिरायला लागले. बंब विझवला. रजया, घोंगड्या काहिलीत गेल्या. कारखान्यातले काका टाळ्या वाजवत होते. मालक मात्र वर बघत होते, पंख्याकडे, एखाद्यानं वेळेआधी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं.

रजया गच्चीवर पडल्या आणि तिसऱ्या प्रहरी आभाळ भरून आलं. अवकाळी पाऊस, वारा, गारा. रजया होत्या तशा भिजल्या, आणि पावसामागून थंडी आली. सगळा हिवाळा जणू कुठंतरी अडकून पडला होता आणि आता एकदम सुटला. पाच बिऱ्हाडांत कोरडं पांघरूण नाही. लिंबाचा फुलोरा झडून अंगणात पांढरा चिखल झाला. मालकांनी तो सकाळी झाडून, भरून, पार कचरागाडीत नेऊन टाकला. एक फूल ठेवलं नाही. आणि अव्वांना ताप भरला, छातीत कफ झाला.

त्यांची मुलगी पुण्याहून आली ती या सगळ्याच्या मधोमध. तिनं काय पाहिलं असेल? आई चादरींच्या ढिगाखाली खोकतेय. डोक्यावर पंखा फिरतोय. आणि त्याच्याखाली वडील अंगावर पोतं घेऊन कुडकुडत बसलेत आणि म्हणतायत, "बंद करता येत न्हाय, लिंब फुललाय."

तिनं बाहेर येऊन लिंबाकडे बघितलं. हिरवागार, धुतलेला, एक फूल नाही.

"ताई, फुलला होता. खरंच फुलला होता," मी म्हणाले.

"बाई, तुम्हाला पंखे हवे असतात," ती म्हणाली. कडवटपणानं नाही, थकून. "तुम्ही सगळी मिळून लिंबाला आंबे आले म्हणाल. फोटो आहे?"

नव्हता. आजारी माणसाचा काढायचा नव्हता.

"आणि कोकीळ? फोनवर रोज कोकीळ सांगतायत. तो कुणी ऐकला?"

यावेळी मला हातही करता आला नाही.

तिनं मेन बंद केलं. किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. करदोट्याची ती रिकामी जागा मालक दिवसभर चाचपत होते. तिचं ठरलं होतं: डॉक्टरांना दाखवायचं, आणि ते तिच्या थोरल्या काकांसारखंच निघालं तर दोघांना पुण्याला न्यायचं, घराला कुलूप. तिचंही काही चुकत नव्हतं. काकांना छत्री घेऊन अंगणात फिरताना तिनं लहानपणी बघितलं होतं.

"पुण्याला अंगण न्हाय," मालक मला म्हणाले. "चौथ्या मजल्यावर ऱ्हायचं. तितं लिंब कुटं, आन् पाली बी न्हायत, ती औषध मारती. बाई, तुमी चला डॉक्टराकडं. पर खोटं बोलू नका. आता खरं काय ते मला बी कळायला पायजे."

अव्वांचा ताप उतरला तशी आम्ही तिघं गेलो. दवाखाना होटगी रोडच्या बाजूला, कंपाउंडात मोठी झाडं. डॉक्टर तरुण होते, शांत आवाजाचे. त्यांनी मालकांना खुर्चीवर बसवलं. मुलगी एका बाजूला, मी दुसऱ्या.

"आजोबा, साधे प्रश्न आहेत. घाबरायचं नाही. आज वार कुठला?"

सांगितला.

"महिना?"

"पौष. तुमचा जानेवारी."

"आपण कुठल्या गावात आहोत?"

"गाव माझंच हाय. तुमी कुटले?"

डॉक्टर हसले. मुलीच्याही चेहऱ्यावरचा ताण किंचित सैल झाला. मी मनात म्हटलं, मालक पास.

"छान. आता सांगा, ऋतू कोणता चाललाय?"



साधा प्रश्न. माझ्या शाळेतल्या पहिलीच्या पोरानं हात वर केला असता. पण विचारलं होतं कुणाला? ज्यांनी अख्खं आयुष्य याच एका प्रश्नाचं उत्तर आम्हाला दिलं होतं, नारळ फोडून दिलं होतं, त्यांना. मालकांनी खिडकीकडे बघितलं. टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"आजोबा? हिवाळा, उन्हाळा, पावसाळा?"

"सांगता येत न्हाय," मालक म्हणाले.

"हेच, डॉक्टर," मुलगी म्हणाली. तिचा आवाज फुटला. "काकांचं हेच झालं होतं."

मी काही बोलायला हवं होतं. मंचावर संवाद विसरलेल्या माणसाला मी कितीदा हळूच वाक्य पुरवलंय. "हिवाळा म्हणा, मालक," एवढंच पुटपुटायचं होतं. पण त्यांनी मला खोटं बोलू नको म्हणून सांगितलं होतं, आणि खरं सांगायचं तर हिवाळा हे खरं होतं की खोटं ते मलाही ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी पेन उचललं. तेवढ्यात खिडकीबाहेर, कंपाउंडातल्या झाडावर, कोकीळ ओरडला.

एकदा. मग वरच्या पट्टीत पुन्हा. मग चढत चढत, चैत्रात ओरडतो तसा, गळा फाडून.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कोकीळ? आत्ता?" ते सहज म्हणाले, स्वतःशीच.

मालक खुर्चीतून अर्धे उठले. "तुमाला ऐकू आला?"

"हो, आला की."

"बाई, तुमाला?"

"आला, मालक. खिडकीच्या उजव्या अंगाला." यावेळी माझा हात बरोबर होता.

"पोरी, तुला?"

मुलगी रडत होती आणि हसत होती. "आला, आप्पा. मलापण आला." तिनं पर्समधून किल्ली काढली आणि त्यांच्या हातात दिली. "तुम्ही बरोबर होता. लिंब फुलला होता. सगळं खरं होतं." मी पदरानं डोळे पुसले. मी नाटकात रडते तेव्हा मला आधीपासून ठाऊक असतं, इथे नव्हतं. डॉक्टरही खुशीत येऊन म्हणाले, "आजोबा, तुमचं डोकं एकदम ठणठणीत आहे. काही झालेलं नाही तुम्हाला."

आम्ही तिघं मालकांकडे बघत होतो, आता ते हसतील, टोपी घालतील, कोकिळाला एखादी शिवी हासडतील म्हणून. त्यांनी किल्लीकडे बघितलं. बाहेर तो अजून ओरडतच होता. मालकांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला, आणि ते पुढे वाकून, डॉक्टरांच्या टेबलाची कड धरून एकदम बोलून गेले,

"आमच्या कावळ्यानं अजून काडी बी आणली न्हाय. डॉक्टर, जमत असंल तर मलाच येडा ठरवा की वो."